बोल लावण्याआधीचा एक दिवस

भगवंतरावांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी लेख मागायला समितीची मंडळी घरी आली, तेव्हा जाता जाता त्यांनी मला बजावलं, "सिस्टरबाई, चार शब्द गोड लिहा हं." ही अट काही माझ्याच्याने पाळली जाईल असं वाटत नाही. माझा जन्म लोकांना कडू औषधं पाजण्यात गेला, आणि खुद्द भगवंतरावांनाही माझ्या तोंडून गोड ऐकायची सवय नाही. तेव्हा जसं आठवतं तसं लिहिते. ज्यांना गोडच हवं असेल त्यांनी पुढचा लेख उघडावा. या ग्रंथात साखरेला तोटा नसणार.

त्यांची आणि माझी ओळख झाली ती निजामाच्या अमदानीत. जालना तेव्हा तालुक्याचं गाव, पण कापसाच्या व्यापारामुळे भरभराटीचं. तिथल्या व्यापाऱ्यांनी मिळून एक धर्मादाय दवाखाना काढला होता. डॉक्टर, कंपाउंडर, आम्ही दोघीतिघी नर्सेस, आया आणि वरकामाची माणसं एवढाच त्याचा पसारा. भगवंतराव तिथले मुन्तजीम, म्हणजे व्यवस्थापक. कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा, म्हणून हे नाव. मी परतूर तालुक्यातल्या आष्टीची, धनगराच्या घरातली. औरंगाबादेला नर्सिंग शिकले होते आणि माझ्या या शिकण्यापायी वडिलांना गावात बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. तेच मला नोकरीवर पोचवायला आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी अशा थाटात ते भगवंतरावांच्या खोलीत शिरले आणि नमस्कार व्हायच्या आधीच म्हणाले, "साहेब, पोरगी कामाला वाघीण हाय, पण लई तोंडाळ हाय. मागून म्हणसाल, सांगितलं न्हाई."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भगवंतराव हसले नाहीत. त्यांनी वडिलांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि मला विचारलं, "राग आला की कुणावर काढता, बाई?"

"ज्याचा आला त्याच्यावर," मी म्हटलं.

"बिलकुल बराबर. इथं तसं होत न्हाई. शेटजी माझ्यावर चिडतात, मी डॉक्टरसाहेबांवर, डॉक्टरसाहेब तुमच्यावर, तुम्ही आयाबाईवर. आयाबाईनं कुणावर चिडावं? तिच्या खाली खाटेवरचा माणूसच तेवढा राह्यला. मंग समदं त्याच्या डोक्यावर जाऊन पडतं. तुम्ही तोंडाळ असाल तर ते तोंड वरच्या बाजूला चालवा."

माझं प्रमाणपत्र त्यांनी पाहिलं की नाही, मला आठवत नाही. मी राहणार कुठे, स्वयंपाक कुठे करणार, सांजेला दवाखान्यातून परत जायचा रस्ता कसा आहे, हे मात्र त्यांनी खोदून खोदून विचारलं. गावातल्या मस्तगड भागात एका शिंपीणबाईंच्या घरी त्यांनी माझ्यासाठी खोली आधीच ठरवून ठेवली होती. वडील ती खोली, तिची कडी आणि शिंपीणबाईंचा चेहरा पाहून आले आणि मगच आष्टीच्या वाटेला लागले. पुढे गावात कुणी काही बोललं की ते म्हणायचे, "तिथले साहेब माणूस हायेत." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं शिफारसपत्र कुणाला मिळालेलं मी ऐकलं नाही.

भगवंतराव मूळचे भोकरदनकडच्या एका शेतकरी घरातले. दवाखान्यात येण्याआधी ते जालन्याच्या एका जिनिंग कारखान्यात हजेरीवर होते. भोंगा झाला की दारात उभं राहायचं आणि उशिरा येणाऱ्याला परत पाठवायचं, हे त्यांचं काम. असा माणूस आता नर्सेसवर आणि आयांवर बसवणार म्हटल्यावर दवाखान्यात सगळे धास्तावले होते, असं जुनी माणसं सांगत. त्यांच्या आधीचे मुन्तजीम दंड ठोकण्यात मोठे वाकबगार होते. कुणी अडचण सांगायला गेलं की ते म्हणत, "काम न करायचं निमित्त." तेव्हापासून अडचण कुणी सांगतच नव्हतं. चूक झाली की ती झाकायची, औषध सांडलं की त्यात पाणी घालायचं, अशी रीत पडून गेली होती. ती मोडायला भगवंतरावांना काही वर्षं लागली.

त्यांची पद्धत लोकांना विक्षिप्त वाटायची, मलाही वाटली. ज्या माणसाला बोल लावायचा असेल त्याचं काम ते आधी एक दिवस स्वतः करत. अगदी सकाळपासून सांजेपर्यंत, त्या माणसाच्या शेजारी उभं राहून. सदऱ्याच्या बाह्या वर सारून भगवंतराव सकाळी आले की सगळा दवाखाना एकमेकांकडे पाहायचा, आज कुणाची पाळी! त्या माणसाला त्या दिवशी भाकरी गोड लागत नसे. मात्र सांजेला बोल लावायची वेळ आली की पुष्कळदा भगवंतरावांकडे बोलायला काही उरलेलं नसे.

आमच्या स्वयंपाकीण भीमाबाई. त्यांच्या भाकरी रोज करपायच्या. रोगी कुरकुरायचे, डॉक्टरसाहेब ओरडायचे, भीमाबाई कुणालाच जुमानत नसत. एक दिवस भगवंतराव चुलीपुढे बसले. पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली आणि धुराने डोळे असे काही भरून आले की उलटायची वेळ त्यांना कळलीच नाही. सांजेपर्यंत त्यांचे डोळे तांबडेलाल झाले. भीमाबाईंना ते एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि त्याने स्वयंपाकघराच्या छपराला धुराडं काढून दिलं. बाईंना तव्यावरचं दिसायला लागलं, झालं. त्या मात्र पुढे कित्येक वर्षं सांगत सुटल्या होत्या, "साहेबांच्या भाकरी कुत्र्यानं बी तोंडात धरल्या न्हाईत." हे भगवंतरावांसमोरच सांगायच्या, आणि ते मान डोलवायचे.

डॉक्टरसाहेब विद्वान आणि हाताचे हळुवार, पण तोंडाने भयंकर. रोग्यांदेखत आम्हाला असं काही बोलत की नंतर तो रोगी आमच्या हातून औषध घ्यायला बिचकायचा. भगवंतरावांना डॉक्टरकी काही करता येईना, म्हणून ते एक दिवस त्यांच्याजवळ नुसते स्टूल टाकून बसले. सकाळपासून दुपार टळेपर्यंत डॉक्टरसाहेब उठले नाहीत, पोटात चहाखेरीज काही नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारी दार थोडा वेळ बंद व्हायला लागलं आणि डॉक्टरसाहेबांच्या घरून डबा यायला लागला. त्यांचं ओरडणं अगदी थांबलं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण जेवणानंतरची दुपार आम्हाला सुखाची जाऊ लागली.

दिवाळीत ज्यांना घरी जाता येत नसे त्यांच्यासाठी भगवंतरावांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पहाटे तेल-उटणं घेऊन दवाखान्यात येत आणि आम्हा नर्सेसना आणि आयांना स्वतःच्या हातांनी तेल लावत. यावरून त्यांच्या माहेरी बरंच वादळ झालं होतं, असं कानावर आलं. वहिनी त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. मला तेल लावताना एकदा एवढंच म्हणाल्या, "तुमच्या आईनं काय काय लावलं असतं ते सांगा, तसं करते." मी रडले, हे इथे लिहून टाकते.

आता ज्या प्रसंगासाठी मी लिहायला बसले तो सांगते. समितीतल्या काहींना तो या ग्रंथात नको होता. गौरवग्रंथात कुणी असलं लिहितं का, असं त्यांचं म्हणणं. मी सरळ भगवंतरावांकडे गेले आणि विचारलं. ते म्हणाले, "तो न्हाई लिहायचा तर बाकीचं कशाला लिहून राह्यलात?"

एका उन्हाळ्यात गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. दवाखान्याच्या मागे एक पत्र्याची शेड होती, तिथे पटकीचे रोगी ठेवत. शेडचं काम गयाबाई नावाच्या एका आयाबाईंकडे होतं. गयाबाई गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या. त्यांच्या नवऱ्याचा हात जिनिंगच्या यंत्रात गेला होता आणि सगळं घर त्यांच्या एकटीच्या कामावर चाललं होतं. पटकीच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बाईला दुसरीकडे धुणीभांडीसुद्धा कुणी देत नसे. ही नोकरी गेली असती तर त्यांच्या घरातली चूल विझली असती, याची जाणीव आम्हा सर्वांना होती.

पटकीच्या रोग्याला जगवायचं म्हणजे त्याच्या अंगातून गेलेलं पाणी परत घालायचं. डॉक्टरसाहेब शिरेतून घालत, आणि ज्याला गिळता येई त्याला आम्ही उकळून निववलेलं मिठाचं पाणी वाटीवाटीने पाजत राहायचो. यात खंड पडला की माणूस हातचा जायचा. रोग आडात शिरू नये म्हणून डॉक्टरसाहेबांच्या सल्ल्याने भगवंतरावांनी हुकूम काढला, की शेडची घागर दवाखान्याच्या आडात सोडायची नाही. हुसेनभाई पाणक्यांनी पाणी काढायचं आणि वरूनच शेडच्या घागरीत ओतायचं.

हुकूम शहाणपणाचा होता. गोम एवढीच की गयाबाईंच्या जातीच्या माणसांना आडाला हात लावू न देणं आणि त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतणं हे आमच्याकडे गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. रोगासाठी काढलेला हुकूम आपसूक त्या जुन्या चालीत जाऊन बसला. हुसेनभाई जागेवर नसले तर काय करायचं, हा प्रश्न म्हणूनच कुणाला पडला नाही. आडाशी घागर घेऊन ताटकळत उभी असलेली बाई पाहून कुणालाच काही वावगं वाटलं नसतं. खुद्द गयाबाईंनाही वाटलं नाही.

त्या दिवसांत हैदराबादेहून एक मोठे अधिकारी गावात मुक्कामाला आले आणि ते दवाखाना पाहायला येणार असं ठरलं. समोरच्या रस्त्यावर फुफाटा उडायचा. भगवंतरावांनी हुसेनभाईंना सांगितलं, रस्त्यावर पाण्याचा सडा घाला. हुसेनभाई पखाल घेऊन दुपारभर रस्ता भिजवत राहिले.

शेडमध्ये तेव्हा किसन नावाचे एक गाडीवान होते. भोकरदनकडच्या एका खेड्यातून ज्वारीची गाडी घेऊन बाजाराला आले आणि बाजारातच कोसळले. गाडी आणि बैल दवाखान्याच्या आवारात चिंचेखाली उभे होते. सोबतीला नात्याचं कुणी नव्हतं. सकाळी त्यांचा जीव जरा सावरला होता, बैलांना वैरण घातली का म्हणून ते विचारत होते. दुपारी शेडमधलं पाणी संपलं. गयाबाईंनी आडाशी जाऊन हाका मारल्या. आम्ही सगळे पुढे पाहुण्यांच्या गडबडीत होतो, कुणी ऐकल्या नाहीत. मग त्या घागर घेऊन कुंडलिका नदीवर गेल्या. उन्हाळ्यात नदीला पाणी ते कुठलं! वाळूत झिरा करायचा आणि पाझरेल तसं वाटीने घागरीत भरायचं. त्या परत आल्या, पाणी उकळायला ठेवलं, तोवर किसन गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखाना चालवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या कमिटीचे अध्यक्ष शेटजी आले. पाहुण्यांच्या कानावर ही गोष्ट गेली होती आणि शेटजींची मान खाली गेली होती. त्यांनी गयाबाईंना सगळ्यांसमोर उभं केलं.

"काल कुठं होतीस?"

"पाण्याला गेल्ते, मालक."

"दवाखान्याच्या आडात पाणी न्हाई?"

गयाबाई जमिनीकडे पाहत राहिल्या. अडचण सांगितली की ती निमित्त ठरते, हे त्या जुन्या मुन्तजीमांच्या हाताखाली पुरतं शिकल्या होत्या.

"रोगी तहानेनं मरतो आणि बाई गाव फिरून येते! ही उद्या इथं दिसली न्हाई पायजे. अमीनसाहेबांना मी कळवतो." अमीन म्हणजे तेव्हाचे फौजदार. ते नाव ऐकून गयाबाई मटकन खाली बसल्या.

भगवंतराव पुढे झाले. "शेटजी, सांजेपर्यंत थांबा. माझा एक दिवस व्हायचाय."

"पटकीच्या शेडमधी? डोकं ठिकाणावर हाय का?"

"सांजेला कमिटी बोलवा. मंग काय ते बोलू."

त्यांनी बाह्या वर सारल्या आणि ते शेडमध्ये गेले. त्या दिवशी कुणी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांनी रोग्यांखालची घाण काढली, फडकी चुन्याच्या पाण्यात बुडवली, वाटीने पाणी पाजलं. मध्ये एकदा बाहेर येऊन भडभडून ओकले आणि चूळ भरून परत आत गेले. दुपारी घागर रिकामी झाली. ती उचलून ते आडाशी गेले, मागे गयाबाई. हुसेनभाई रस्त्यावरच होते, कारण पाहुण्यांचा मुक्काम हलला नव्हता आणि सडा घालायचा हुकूमही कुणी मागे घेतला नव्हता. भगवंतराव घागर खाली ठेवून आडाच्या काठाशी उभे राहिले. ऊन मी म्हणत होतं. आमचे कंपाउंडर इब्राहीमभाई खिडकीतून म्हणाले, "साहेब, काढून घ्या ना पानी. तुम्हाला कोन रोकतंय?"

"शेडची घागर हाय, इब्राहीमभाई. हुकूम हाय तसा."

"हुकूम तर तुमचाच हाय की!"

मी त्याच खिडकीशी उभी होते. भगवंतरावांनी इब्राहीमभाईंकडे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरताना मी पाहिला. इतक्या वर्षांत मी पुष्कळ माणसांना वाईट बातमी सांगितली आहे, पण कुणीही न सांगता ती एखाद्याला कळताना मी तेवढी एकदाच पाहिली.

त्यांनी इब्राहीमभाईंना वॉर्डातलं उकळलेलं पाणी तातडीने शेडमध्ये न्यायला सांगितलं, मला तिथे बसायला सांगितलं आणि गयाबाईंना विचारलं, "काल हितून कुठं गेल्ता?"

"नदीला."

"चला."

तेवढं पाणी आता लागणार नव्हतं. तरी ते गेले, त्याच वाटेने, तीच घागर घेऊन. वाळूत झिरा कसा करतात ते त्यांना ठाऊक होतं, शेतकऱ्याचेच चिरंजीव ते. परत आले तेव्हा उन्हं कलली होती. गयाबाई नंतर मला म्हणाल्या, "वाटंनं येक शबूद बोलले न्हाईत, बाई. घागर बी मला घेऊ दिली न्हाई."

दिवेलागणीला कमिटी पडवीत बसली. आम्ही सगळे पायऱ्यांखाली. भगवंतराव अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले होते. ते बसले नाहीत.

"गयाबाई जागेवर नव्हत्या, ही गोष्ट खरी हाय," ते म्हणाले. "पाण्यासाठी नदीवर गेल्या होत्या. शेडची घागर आडात सोडायची न्हाई, हा हुकूम माझा. पाणी ओतणाऱ्या माणसाला रस्त्यावर सडा घालायला धाडलं ते बी मीच. रस्ता भिजला आणि माणूस तहानेनं गेला. अमीनसाहेबांकडं जायचं तर मी येतो. कुणाला काढायचं तर मला काढा."

शेटजी खालच्या आवाजात म्हणाले, "मुन्तजीमसाहेब, हे आतल्या खोलीत बोलायचं. नोकरमाणसांसमोर असं बोललात तर उद्या तुमचा हुकूम कोण मानील?"

"या बाईनं मानला ना, शेटजी. माझा हुकूम तिनं बराबर मानला. म्हणून तर तो माणूस गेला."

मग आमचे ते तोंडाचे भयंकर डॉक्टरसाहेब उठले आणि म्हणाले, की हुकूम माझ्या सल्ल्याने निघाला, तेव्हा मुन्तजीमसाहेब जाणार असतील तर माझीही पेटी बांधलेलीच आहे. शेटजी माणूस वाईट नव्हते. हट्टी होते आणि लाजले होते. त्यांनी पागोटं नीट केलं आणि ते म्हणाले, "कुणी कुठं जायचं न्हाई. साथ संपू द्या." साथ संपल्यावर तो विषय त्यांनी परत काढला नाही. गयाबाईंची नोकरी राहिली.

आडाला दुसऱ्या दिवशी एक वेगळी बादली आणि दोर बांधला गेला. जो असेल त्याने हात धुवायचे, त्या बादलीने पाणी काढायचं आणि आपल्या भांड्यात ओतून घ्यायचं. जो असेल त्यात गयाबाईही आल्या. दवाखान्यातल्या काही माणसांनी त्या आडाचं पाणी प्यायचं सोडलं. भगवंतरावांनी त्यांना काही म्हटलं नाही. ते रोज सकाळी आडाशी जात आणि गयाबाईंनी काढलेलं पाणी सगळ्यांदेखत, उकळून घेऊन, पीत. साथीचे दिवस होते, उकळायचं ते विसरले नाहीत. हळूहळू बाकीचेही पिऊ लागले. ज्यांनी नाहीच प्यायलं ते घरून तांब्या आणू लागले.

किसनचे बैल अजून चिंचेखालीच उभे होते. कुणातरी गाडीवानाबरोबर त्यांना गावी धाडावं असं सगळ्यांचं मत पडलं. भगवंतरावांनी स्वतः गाडी जुंपली आणि भोकरदनच्या वाटेने नेली. तिकडे काय झालं हे पुढे फार वर्षांनी, राज्य बदलल्यावर आणि आम्ही दोघंही दुसऱ्या नोकऱ्यांत गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. घरधनीण अंगणात होती. आपले बैल आणि गाडीवर परका माणूस पाहून ती काय ते समजली. तरी दारात आलेला माणूस म्हणून ती आधी आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. "बाई, ते पाणी माझ्या हातात व्हतं," भगवंतराव मला म्हणाले, "आणि मला अजून सांगायचं व्हतं की तुझा धनी कशानं गेला." त्यांनी आधी सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "प्या. उन्हातून आलात." पुढे दर वर्षी ते त्या घरी जात राहिले. किसनच्या धाकट्या भावाला त्यांनी जालन्यात कामाला लावलं, हे बहुतेकांना आज पहिल्यांदाच कळत असेल.

माणसांना नीट वागवलं की माणसं नीट काम करतात, असं आता व्याख्यानांतून सांगतात. मीही सांगितलं आहे. पण "नीट वागवणं" म्हणजे गोड बोलणं आणि सणाला मिठाई, असा पुष्कळांचा समज असतो. भगवंतराव तसे गोडबोले कधीच नव्हते. माझी तारीफ त्यांनी उभ्या आयुष्यात केली नाही, आणि त्याचा मला अजूनही राग आहे. त्यांनी आमच्यासाठी काय केलं हे पाहायचं तर त्यानंतरच्या पावसाळ्यातली एक सकाळ पाहायला हवी.

साथ परत डोकं वर काढत होती. सकाळी कामं वाटताना भगवंतरावांनी सांगितलं, की या खेपेला शेडमध्ये रोग्यांच्या नातलगांना बिलकुल येऊ द्यायचं नाही, रोग फैलावतो. डॉक्टरसाहेबांनी मान हलवली. आम्हीही हलवली. मागून आवाज आला, "साहेब, हे बराबर न्हाई."

गयाबाई होत्या. जी बाई शेटजींपुढे स्वतःची नोकरी जाताना एक वाक्य बोलू शकली नव्हती, ती सगळ्यांदेखत मुन्तजीमसाहेबांचा हुकूम चुकीचा ठरवत होती.

"का बराबर न्हाई?" भगवंतरावांनी विचारलं.

"खाटा भरल्यावर मी येकटीनं कुणाकुणाला पाणी पाजावं? नातलग असला तर वाटी तोंडाला लावतो. एका रोग्यापाशी एकच माणूस येऊ द्या. त्याचे हात धुवून घ्यायचं माझ्याकडं लागलं."

भगवंतरावांनी डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. डॉक्टरसाहेब जरा विचार करून म्हणाले, "हात धुतले तर चालेल."

"मंग हुकूम बदलला," भगवंतराव म्हणाले. "गयाबाई सांगतील तसं."

त्या पावसाळ्यात शेडमध्ये कुणी तहानलेलं राहिलं नाही. रोगाने माणसं गेली, नाही असं नाही. पण पाण्यावाचून एकही गेलं नाही. गयाबाई दारात चुन्याच्या पाण्याचं घंगाळ घेऊन बसत आणि बड्या घरच्या माणसालाही हात पुढे करायला लावत. त्या सकाळपासून दवाखान्यात "बराबर न्हाई" म्हणायला माणसं धजू लागली. कंपाउंडर डॉक्टरांना म्हणू लागले, आया आम्हाला म्हणू लागल्या. मला ते सुरुवातीला झोंबलं, पुढे अंगवळणी पडलं. पुढे मी दुसऱ्या दवाखान्यांत मेट्रन झाले तेव्हा तिथे सगळं चकाचक होतं, यंत्रं होती, नियम छापलेले होते. मी आधी एवढंच पाहायची, की इथली आया माझ्या तोंडावर मला चूक म्हणू शकते का. म्हणत नसेल तर मला भीती वाटायची.

भगवंतराव आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. डोळ्यांनी कमी दिसतं, ऐकू मात्र ठणठणीत येतं. गयाबाईंना जाऊन काही वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात भगवंतराव रोज त्यांच्या उशाशी बसायचे आणि वाटीने पाणी पाजायचे. एकदा बाईंनी वाटी अडवली आणि म्हणाल्या, "साहेब, घाई करून राह्यलात. बराबर न्हाई. जरा हळू." भगवंतरावांनी वाटी मागे घेतली आणि हळू पाजलं.

या थोर माणसाला परमेश्वराने उदंड आयुष्य द्यावं, हातीपायी धड ठेवावं, वहिनींची सोबत असू द्यावी. आणि त्यांच्या भोवती आता हार-तुरे घेऊन जी गर्दी जमते आहे, तिच्यात एक तरी माणूस असा असू द्यावा, की जो त्यांना तोंडावर सांगेल, हे बराबर नाही. ते काम इतकी वर्षं गयाबाईंनी केलं. आता ते मी माझ्याकडे घेतलं आहे, आणि ते नीट व्हावं म्हणून मलाही थोडं आयुष्य मिळावं.